मेस बंद, पैसे खात्यात: जुन्नर-आंबेगावातून दिसणारा शिक्षणाचा बाजार

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून टाकतोय. बोलताना जे अघळपघळ झालं ते जरा आवरलंय, बाकी मजकूर तोच.

हायवेवरचा मोर्चा

जुलै २०१८. पुणे-नाशिक हायवेवरून शेकडो मुलं-मुली पावसात चालत निघाली होती. आदिवासी विकास विभागाच्या सरकारी वसतिगृहांत राहून कॉलेज करणारी ही मुलं. पुण्याहून निघून राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव असं करत नाशिकला आदिवासी विकास आयुक्तांच्या ऑफिसवर जायचं होतं. नाशिकला पोचायच्या आधीच पोलिसांनी त्यांना अडवलं.

मागणी साधी होती: आमची मेस बंद करू नका.

झालं असं होतं, की त्याच वर्षी सरकारने ठरवलं, मोठ्या शहरांतल्या आणि जिल्ह्या-तालुक्याच्या ठिकाणच्या वसतिगृहांत जेवण द्यायचं नाही. त्याऐवजी जेवणाचे पैसे थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात टाकायचे. म्हणजे डीबीटी. महिन्याला तीन-साडेतीन हजारांच्या घरात रक्कम. ती घ्या आणि हवं तिथे जेवा.

सरकारची बाजू अगदीच टाकाऊ नव्हती, हे आधी सांगतो. मेसचं कंत्राट ठेकेदाराकडे. जेवण निकृष्ट, डाळीत पाणी, भाजीत अळ्या, याच्या तक्रारी विद्यार्थीच वर्षानुवर्षं करत होते. मग सरकार म्हणालं, ठेकेदारच काढून टाकू, पैसे तुमच्या हातात देऊ, निवड तुम्ही करा. ऐकायला छानच वाटतं.

विद्यार्थ्यांचं म्हणणं वेगळं होतं. पैसे वेळेवर येत नाहीत. तीन-साडेतीन हजारांत पुण्यासारख्या शहरात दोन वेळचं नीट जेवण आणि नाश्ता बसत नाही. रात्री जेवायला बाहेर जायचं तर मुलींच्या सुरक्षिततेचं काय? आणि घरी अडचण असली, की खात्यातले पैसे आधी घरी जातात, पोट मागे राहतं.

आपल्या भागासाठी ही लांबची गोष्ट नाही. जुन्नर आणि आंबेगावचा पश्चिम पट्टा म्हणजे महादेव कोळी आणि ठाकर समाजाची गावं. डिंभे धरणात त्यातली किती तरी गावं आणि शेती गेली. आश्रमशाळा, मग वसतिगृह, मग कॉलेज, हीच तिकडच्या पोरांची शिक्षणाची वाट. आणि पुणे जिल्ह्याचं आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आपल्या घोडेगावलाच आहे.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे नवीन सिस्टिमचं डिझाईन समोर आलं की पहिला प्रश्न असतो: हे फेल झालं तर काय होईल, आणि कोण निस्तरणार? सगळं सुरळीत चालू असताना कुठलंही डिझाईन चांगलंच दिसतं. मेसचा ट्रक आला नाही तर वॉर्डनला जाब विचारता येतो. खात्यात पैसे आले नाहीत तर? उपाशी राहणारा एकटा असतो आणि पलीकडे असतं एक पोर्टल.

आजच्या भागात हाच एक प्रश्न घेऊन शिक्षणाच्या इतिहासात फिरायचंय. सरकारी चांगलं की खासगी, या भांडणात मला फार रस नाही. मला बघायचंय, जोखीम कोणाच्या अंगावर होती आणि ती कुठून कुठे सरकली.

दोन हजार वर्षांपूर्वीची एफडी

"पूर्वी शिक्षण पवित्र होतं, आता बाजार झाला" असं आपण फार पटकन म्हणतो. पण जुन्नरकराने तरी तसं म्हणू नये. आपलं गावच बाजारामुळे वसलंय.

नाणेघाट कोकणातली बंदरं आणि जुन्नर यांना जोडणारा. घाटमाथ्यावरचा तो दगडी रांजण जकात गोळा करायला होता, असं परंपरेने सांगतात. आणि घाट चढून आल्यावर जुन्नरभोवती लेणीच लेणी: लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, शिवनेरी. दीडशेच्या वर. भिक्षूंचं राहणं, वर्षावास, अध्ययन, सगळं तिथे. त्या काळातली सार्वजनिक संस्था म्हणायला हरकत नाही.

खर्च कोणी केला? शिलालेख वाचले तर बाजारातल्याच माणसांनी. जुन्नरच्या एका लेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे त्यांच्या संघाने, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिल्याची नोंद आहे. यवन दात्यांची नावं आहेत. नहपान या क्षत्रप राजाचा अमात्य अयम याचा लेख मानमोडीला आहे.

पण सगळ्यात भारी हिशेब नाशिकच्या लेण्यांत आहे. नहपानाचा जावई उषवदात. त्याने ३००० कार्षापण दान दिले, पण भिक्षूंच्या हातात नाही. गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ते कायमचे गुंतवले. २००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा १ व्याजाने. १००० दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. याला शब्द होता अक्षयनीवी.

आता गणित करा. २००० वर महिन्याला १ टक्का म्हणजे २०, वर्षाला २४०. लेखात लिहिलंय, लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. २० गुणिले १२ बरोबर २४०. दोन हजार वर्षांपूर्वीचा हिशेब आजही जुळतो!

प्रामाणिकपणे बघितलं तर हीसुद्धा डीबीटीच झाली. कपड्याऐवजी कपड्याचे पैसे. म्हणजे रोख की वस्तू, हा खरा प्रश्न नाही. फरक दुसरीकडे आहे. हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला, फलकावर नोंदवला आणि वर दगडात कोरला. व्याज द्यायची जबाबदारी श्रेणीवर. बाजारात चढ-उतार झाला तर त्याची काळजी विणकरांच्या संघाने करायची. पैसा बाजारात फिरत होता, जोखीमही बाजाराकडेच होती, आणि लेण्यात शिकणारा माणूस निवांत होता.

अजून एक. या लेखांमध्ये दानाला शब्द येतो "देयधम", म्हणजे देयधर्म. देणारा व्यापारी, घेणारी संस्था. आज आपल्याकडे शिक्षणात दानासाठी शब्द आहे "डोनेशन". देणारा कोण? शिकणाऱ्याचा बाप. शब्द जवळजवळ तोच राहिला, पैशाची दिशा उलटी झाली.

सरकारला माणसं हवी होती

आता लांब उडी मारू. १८५४ मध्ये पुण्यात एक इंजिनीअरिंग वर्ग आणि मेकॅनिकल स्कूल सुरू झालं. आजचं सीओईपी ते हेच. उद्देश काय होता? इमारती, धरणं, कालवे, पूल, रेल्वे या सार्वजनिक कामांसाठी कनिष्ठ अधिकारी तयार करणं. यात परोपकार वगैरे काही नव्हता. कंपनी सरकारला माणसं हवी होती म्हणून त्यांनी शिकवायची सोय केली. शिकवणारं आणि नोकरी देणारं एकच. त्यामुळे शिकून बाहेर पडलेल्याला काम मिळेल की नाही, ही चिंता निदान त्या थोड्या लोकांपुरती सरकारची होती.

दुसरी धारा आपल्या मातीतली. १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी काले इथे रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृह, श्रम, कमवा आणि शिका. इथे गंमत बघा: विद्यार्थी काम करून शिकत होता, म्हणजे किंमत मोजतच होता. पण संस्था त्याला म्हणत नव्हती, की पैसे आणलेस तर आत ये. ती म्हणत होती, आधी आत ये, मग कामाचं बघू. गावांनी धान्य दिलं, जमिनी दिल्या. मंचरचं अण्णासाहेब आवटे कॉलेज रयतचंच. तिथल्या सायन्स कॉलेजला नाव आहे हुतात्मा बाबू गेनू यांचं. महाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाचा ट्रक अडवताना गेला. नारायणगावची ग्रामोन्नती मंडळाची शाळा-कॉलेजं, जुन्नरचं शिवछत्रपती कॉलेज, हीसुद्धा स्थानिक लोकांनी उभी केलेली.

१९४९ मध्ये पुणे विद्यापीठ झालं. पुढे अनुदानित कॉलेजांतल्या प्राध्यापकांचे पगार सरकार देऊ लागलं. संस्था खासगी, पगार सरकारी, फी किरकोळ. या पद्धतीत दोष नव्हते असं नाही. भरतीत वशिला होता, काही जण शिकवायचेच नाहीत, आणि मुळात फार थोडी पोरं कॉलेजपर्यंत पोचायची. पण एक गोष्ट होती: एखाद्या वर्षी वर्गात चाळीसऐवजी पंचवीस मुलं आली, म्हणून मराठीच्या किंवा भूगोलाच्या सरांची नोकरी लगेच जात नव्हती.

१९८३

महाराष्ट्रातल्या शिक्षणाच्या इतिहासात एक साल पाठ करायचं असेल तर हे करा.

तेव्हा राज्यात इंजिनीअरिंगची कॉलेजं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बारावीला चांगले मार्क असूनही जागा मिळायची नाही. ज्यांच्याकडे पैसा होता ते कर्नाटकात जाऊन डोनेशन भरायचे. आपली पोरं आणि आपला पैसा दोन्ही बाहेर चाललंय, सरकारकडे नवी कॉलेजं काढायला पैसा नाही, मग खासगी संस्थांना परवानगी देऊ, असा विचार पुढे आला. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित तत्त्वावर व्यावसायिक कॉलेजांना मान्यता दिली. पुण्यातलं एमआयटी, विश्वकर्मा, भारती विद्यापीठाचं इंजिनीअरिंग कॉलेज, लोणीचं प्रवरा, सगळी १९८३ सालचीच.

या निर्णयाला शिव्या घालणं सोपं आहे. पण माझ्यासारखी शेतकऱ्याच्या घरातली हजारो पोरं इंजिनीअर झाली ती या जागांमुळेच. पुण्यात आज जी आयटी उभी आहे, तिला माणसं पुरवली ती याच कॉलेजांनी. हे नाकारून पुढे जाता येणार नाही.

पण त्या एका शब्दाचा, "विनाअनुदानित"चा, अर्थ नीट बघा. अनुदान नाही म्हणजे खर्च नाहीसा झाला असं नाही. तो सरकारच्या खात्यातून घराच्या खात्यात गेला. आणि खर्चाबरोबर जोखीमही गेली. कॉलेज चांगलं निघालं नाही, ब्रँचला नोकऱ्या राहिल्या नाहीत, चार वर्षांनी मंदी आली, तर नुकसान ज्याने शेत गहाण ठेवलं त्याचं.

भाषेनेही हा बदल टिपलाय. आधी आपण "शिक्षणमहर्षी" म्हणायचो. नंतर कधीतरी "शिक्षणसम्राट" म्हणायला लागलो, आणि कोणाला त्यात वावगं वाटेनासं झालं.

कोर्ट काय म्हणालं

डोनेशन इतकं बोकाळलं, की १९८७ मध्ये महाराष्ट्राला कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला. पुढे लढाई सुप्रीम कोर्टात.

१९९२, मोहिनी जैन खटला: कॅपिटेशन फी घटनाबाह्य. १९९३, उन्नीकृष्णन खटला: खासगी व्यावसायिक कॉलेजांत निम्म्या जागा कमी फीच्या, निम्म्या पेमेंट सीट. म्हणजे जास्त भरणाऱ्याच्या पैशातून कमी भरणाऱ्याचं शिक्षण. २००२, टीएमए पै खटला, अकरा न्यायाधीशांचं घटनापीठ: ती स्कीम रद्द. संस्था काढणं हा घटनेच्या १९(१)(जी) खाली "व्यवसाय" ठरला. वाजवी शिल्लक ठेवा, पण नफेखोरी नको. आणि २००५ चा खटला तर आपल्या राज्याच्याच नावाने आहे: पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य. त्यात ठरलं, की विनाअनुदानित खासगी संस्थांवर सरकार स्वतःचा कोटा किंवा आरक्षण लादू शकत नाही. त्यावर संसदेने त्र्याण्णवावी घटनादुरुस्ती करून आरक्षणाचा रस्ता उघडला.

आज तुम्ही सीईटी देता, कॅप राउंड भरता, कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. ही सगळी व्यवस्था या खटल्यांच्या पोटातून आली. "नफा नको, पण शिल्लक चालेल" ही ओळ कागदावर स्पष्ट आहे. प्रत्यक्षात शिल्लक कुठे संपते आणि नफा कुठे सुरू होतो, हे ऑडिट करणाऱ्यालाच ठाऊक.

पैसा कोणाच्या मागे चालतो

याच काळात दिल्लीतली भाषाही बदलत होती. १९९७ मध्ये अर्थ मंत्रालयाने अनुदानांवर एक चर्चापत्र काढलं. त्यात उच्च शिक्षण "नॉन-मेरिट" गटात टाकलं. साधा अर्थ असा, की याचा फायदा मुख्यतः शिकणाऱ्यालाच होतो, तर खर्चही त्यानेच करावा. २००० मध्ये मुकेश अंबानी आणि कुमार मंगलम बिर्ला यांनी पंतप्रधानांच्या व्यापार-उद्योग परिषदेला अहवाल दिला. त्याचाही सूर हाच: सरकारने शालेय शिक्षणाकडे बघावं, व्यावसायिक उच्च शिक्षण खासगी क्षेत्राकडे सोपवावं, वापरणाऱ्याने पैसे भरावेत.

२००१ मध्ये महाराष्ट्रात दोन गोष्टी झाल्या. एक, नव्या शाळा-कॉलेजांना "कायम विनाअनुदानित" हा शिक्का लागला. शाळांच्या बाबतीत त्यातला "कायम" शब्द काढायला २००९ उजाडावं लागलं, तेही शिक्षकांच्या आंदोलनांनंतर. दुसरी, राज्याच्या उच्च व तंत्र शिक्षण विभागाच्या पुढाकाराने एमकेसीएल सुरू झाली, ती कंपनी म्हणून. एमएस-सीआयटी आपल्यापैकी कोणी केलं नाही? कोर्स राज्यभर एक, शिकवणारी सेंटरं खासगी, फी विद्यार्थ्याची. नारायणगाव, मंचर, ओतूर, घोडेगाव, बाजारपेठेत कुठेही बघा, झेरॉक्सच्या दुकानाशेजारी बोर्ड दिसेलच. सरकारी नोकरीला संगणक ज्ञानाची अट आणि त्या ज्ञानाचं वाटप बाजारातून. यातून खेड्यातल्या पोरांच्या हाताला कीबोर्ड लागला, हे खरंच. सरकारने स्वतः लॅब उभ्या करायचं ठरवलं असतं तर आमच्या गावात अजून निविदाच चालू असती. म्हणजे बाजार प्रत्येक वेळी वाईटच करतो असंही नाही.

नंतरचा टप्पा बारीक आहे, लक्ष देऊन ऐका. आधी सरकारचा पैसा संस्थेकडे जायचा, पगार म्हणून. आता तो विद्यार्थ्याच्या मागे चालतो, फी म्हणून. राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीत निम्मी फी सरकार भरतं. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची पूर्ण फी माफ. यामुळे किती मुलींचं लग्न चार वर्षं पुढे गेलं असेल, विचार करा. निर्णय चांगलाच आहे.

पण डिझाईन रिव्ह्यूचा प्रश्न विचारा: फेल झालं तर? मी स्वतः निम्म्या फीच्या योजनेत बीटेक केलं. आमच्या कॉलेजने (नाव घेत नाही) एका वर्षी सांगितलं, शिष्यवृत्ती आली की परत देऊ, तोवर पूर्ण भरा, नाहीतर परीक्षेचा फॉर्म घेणार नाही. त्या सीझनला टोमॅटोच्या क्रेटचा भाव पार पडलेला. वडिलांनी सोसायटीच्या कर्जावर वरून हातउसने घेतले. शिष्यवृत्ती आली, पण पुढच्या वर्षी. मधल्या काळातलं व्याज कोणत्याच सरकारी हिशेबात नाही. कॉलेज म्हणेल, सरकारने उशीर केला, आम्ही पगार कुठून देणार? तेही खोटं नाही. सरकार म्हणेल, पोर्टलला अडचण होती. प्रत्येकाने आपली जोखीम शेजाऱ्याकडे सरकवली आणि ती शेवटी येऊन थांबली टोमॅटोच्या वावरात.

वर केंद्रातही तेच. २०१७ मध्ये हेफा नावाची वित्तसंस्था आली. मोठ्या केंद्रीय संस्थांना इमारती, लॅब यांसाठी अनुदानाऐवजी कर्ज. कर्ज घेतलं की ते फेडायला उत्पन्न हवं, आणि संस्थेकडे उत्पन्नाचं हुकमी साधन म्हणजे फी.

मागणी तसा पुरवठा

बाजाराचा नियम आहे, मागणी असेल ते दुकानात ठेवा. आपल्याच तालुक्यात बेल्हे, कुरण, ओतूरजवळ डुंबरवाडी इथे खासगी इंजिनीअरिंग कॉलेजं आली. आंबेगावात अवसरी खुर्दला २००९ मध्ये सरकारी इंजिनीअरिंग कॉलेज आलं. सगळ्या राज्यात खासगी कॉलेजांची लाट असताना एका खेड्यात सरकारी कॉलेज निघालं, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. बाजाराने नाही, कोणीतरी ठरवून ती जागा निवडली.

नंतर राज्यभर हजारो जागा रिकाम्या राहू लागल्या. मेकॅनिकल, सिव्हिल ओस पडले. आता कॉम्प्युटर आणि एआयला झुंबड. २०२४-२५ पासून एआयसीटीईने चांगल्या कॉलेजांसाठी एका ब्रँचमधल्या जागांची कमाल मर्यादाही काढली. ज्याला गिऱ्हाईक आहे ते वाढवा.

मी त्याच गर्दीतला आहे, त्यामुळे नाक मुरडत नाही. पण पूल कोण बांधणार? डिंभ्याच्या कालव्याची गळती कोण काढणार? १८५४ मध्ये ज्या कामासाठी पुण्यात इंजिनीअरिंगचा वर्ग निघाला, नेमकं तेच काम आज शिकायला पोरं तयार नाहीत, कारण पॅकेज नाही. अठरा वर्षांच्या पोराने पॅकेज बघून निवड केली, यात त्याची चूक नाही. कर्ज त्याच्या नावावर आहे. पण लाखो मुलांच्या अशा शहाण्या निवडी एकत्र केल्या की समाजाच्या गरजेचं उत्तर निघतंच असं नाही.

आर्ट्स-सायन्सच्या बाजूला याचंच दुसरं रूप आहे: तासिका तत्त्व, सीएचबी. नेट-सेट झालेला, पीएचडी झालेला माणूस तासावर पैसे घेतो. सुट्टीत मानधन नाही, पुढच्या वर्षी बोलावतील याची खात्री नाही. संस्थेची जोखीम इथे प्राध्यापकाकडे सरकली. जो स्वतः जूनमध्ये असेल की नाही हे माहीत नाही, तो विद्यार्थ्याला "दोन वर्षांनी मला येऊन भेट" कसं म्हणणार?

खोडदची दुर्बीण

आता उलटं उदाहरण, तेही आपल्या घरचं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. प्रा. गोविंद स्वरूप यांनी कल्पना मांडली आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या एनसीआरएने ती उभारली. तारांची हलकी जाळी ताणून डिश बनवायची युक्ती वापरली, म्हणून खर्च आटोक्यात राहिला. काटकसर म्हणजे बाजारवादच असं नाही, हे इथे दिसतं.

या दुर्बिणीवरचा वेळ ही फार दुर्मिळ वस्तू आहे. जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना ती हवी असते. बाजाराच्या नियमाने लिलाव करता आला असता: जो जास्त डॉलर देईल त्याला रात्र. पण तसं होत नाही. प्रस्ताव पाठवायचा, तज्ज्ञांची समिती तो तपासते, विज्ञान चांगलं असेल तर वेळ मिळतो. देश कोणताही असो. आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला आपल्याकडच्या शाळांची पोरं तिथे मॉडेल घेऊन जातात.

मग हे आदर्श झालं का? नाही. इथेही जोखमीचा हिशेब आहे आणि तो आपणच भरतोय. रेडिओ लहरींचा गोंगाट नको म्हणून आसपास उद्योगांवर बंधनं. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा मूळ मार्ग चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर असा होता. दुर्बिणीला अडथळा होईल म्हणून रेल्वेने तो बदलायचं ठरवलं, आणि आपल्याकडे विरोध सुरू झाला. ज्यांनी रेल्वेकडे डोळे लावले होते त्यांचा राग मला समजतो. पण "दुर्बीण हलवा, तिचा आम्हाला काय उपयोग" असं कोणी म्हणालं की मी थांबतो. उपयोग म्हणजे फक्त जमिनीचा भाव, असं आपण कधी ठरवलं? आणि दुसऱ्या बाजूने सरकारलाही विचारायला हवं: जगाच्या विज्ञानासाठी दोन तालुके किंमत मोजत असतील, तर त्यांना बदल्यात काय देणार? चांगली सरकारी कॉलेजं, वसतिगृहं, प्रयोगशाळा मागायचा हक्क यापेक्षा भक्कम कोणाचा असेल?

मग आपण काय विचारायचं

फुकट सगळं हवं, असं मी म्हणत नाही. शिक्षणाला पैसा लागतो, तो कुठून तरी यावा लागतो, आणि व्यापाऱ्याचा पैसा आपल्या लेण्यांनाही चालला होता. माझं म्हणणं एवढंच, की कुठलीही नवी योजना आली, "आता निवड तुमच्या हातात" असं कोणी सांगितलं, की तीन प्रश्न विचारा.

एक, पैसे उशिरा आले तर थांबणार कोण: सरकार, कॉलेज की पोरगा?
दोन, सोय बंद पडली तर जाब विचारायला समोर माणूस आहे का, की नुसता टोल फ्री नंबर?
तीन, ज्याला आज गिऱ्हाईक नाही पण समाजाला गरज आहे, ते शिकवायची जबाबदारी कोणाची?

निवड ही चांगलीच गोष्ट आहे. पण निवड देणं आणि जबाबदारी काढून घेणं, या दोन गोष्टी हल्ली एकाच पाकिटात येतात. पाकीट उघडून दोन्ही वेगळ्या करून बघायची सवय लावली पाहिजे.

तुमच्या कॉलेजात, वसतिगृहात, शिष्यवृत्तीत अशी जोखीम कुठे सरकली, ते मला व्हॉइस नोटमध्ये सांगा. सीएचबीवर शिकवणारं कोणी ऐकत असेल तर जरूर बोला, नाव सांगायची गरज नाही. पुढच्या भागात नाणेघाटातल्या नागणिकेच्या लेखाबद्दल बोलू. तिथला हिशेब वेगळाच आहे.